चार बोटं समुद्र

लग्नाला सोळा वर्षं झाली
तरी शारजाच्या भाडेकरारात मी बॅचलर.
बायको गडहिंग्लजला असली की नवऱ्याला इथे सडाफटिंगच धरतात.
"फॅमिली ओन्ली," म्हणायचा प्रत्येक बिल्डिंगचा नातूर.
पहिल्या वर्षी मला ते नातू ऐकू यायचं.
म्हटलं, कुणाचा हा नातू,
साठीचा, दारात स्टूल टाकून बसलेला?

अकरा वर्षं भाडं भरलं
ते खोलीचं नव्हे, खाटेचं.
रोल्यात, सहा जणांत, वरची खाट.
छत इतकं जवळ
की कूस बदलली तर खांद्याला चुना लागायचा.

मग पगार वाढला,
म्हणजे व्हिसाच्या कागदात बसेल इतका वाढला,
आणि कन्नूरचा नौशाद मला अल खानला घेऊन गेला.
"सी व्ह्यू," म्हणाला.
हॉलमधून समोरच्या टॉवरचे एसी दिसले.
बेडरूममधून पार्किंग.
"कुठाय?"
त्यानं मला स्वयंपाकघरात नेलं, सिंकपाशी उभं केलं,
हनुवटी धरून जरा डावीकडे वळवली.
दोन इमारतींच्या फटीत एक निळी चिंधी.
हात लांब करून मोजली. चार बोटं.
"याचे दोन हजार जास्त."
मी घासाघीस केली नाही.

चार चेक.
एक आजचा, तीन पुढच्या तारखांचे,
ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल.
उद्याचं बोलायचं झालं की आई आधी म्हणते,
जिवात जीव असला तर.
चेकवर त्याला रकाना नाही.
एप्रिलात माझी नोकरी असणार,
कंपनीचा मालक पळालेला नसणार,
या सगळ्याखाली मी सही केली.
पेन नौशादचं होतं.

इथे वीज-पाण्याच्या खात्याला सेवा म्हणतात.
सेवेचं डिपॉझिट वेगळं.
भिंतीला खिळा मारायचा नाही, कलम नऊ.
म्हणून गणपती फ्रिजवर बसवला.
थरथरतो अधूनमधून, कॉम्प्रेसर सुरू झाला की.

घरमालकीण आली ती न कळवता.
उम्म खलफान. काळा अबाया, गुडघ्यावर हात,
मागे नातूर शफीउल, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.
तिनं नळ बघितले, गीझर बघितला,
फ्रिजवरच्या देवाकडे बघून न बघितल्यासारखं केलं.
सिंकपाशी मात्र थांबली.
मला वाटलं, डाग दिसला.
चपलेनं फरशीवर दोनदा ठोकलं
आणि अरबीत बरंच काही बोलली.
शफीउलनं त्याच्या नोआखालीच्या हिंदीत उतरवलं:
"बोलती है, इधर इसका बाप नाव बांधता था.
इधर तक पानी था."
आम्ही चौथ्या मजल्यावर.
तिघांनीही खाली पाहिलं.
फरशी होती. साठ बाय साठ, फिकट राखाडी,
माझ्याच गोदामातून गेलेला माल.
जाताना ती दारात वळली
आणि दुभाष्याशिवाय सांगितलं, बोटांनी:
पुढच्या वर्षी पंधराशे जास्त.

नोव्हेंबरात शैलजा आणि केतकी आल्या.
केतकीनं समुद्र पाहिलेला नव्हता.
हिरण्यकेशीला पूर आला तेव्हा
तिला वाटलेलं, हाच तो.
फोनवर मी सांगून ठेवलं होतं, घरातून दिसतो.
किती, म्हणाली, तर खरं तेच सांगितलं.
बॅगा दारात टाकून तिला सिंकपाशी नेलं,
स्टूल दिलं, हनुवटी डावीकडे वळवली,
आणि मग मलाच कुठे बघावं कळेना.
अकरा वर्षं, आणि एवढासा.
ती काही बोलली नाही.
शैलजा एकेक कपाट उघडून
मिठाला जागा शोधत होती.
केतकीनं हात लांब केला, एक डोळा मिटला,
ओठ हलवत मोजलं, पुन्हा मोजलं.
"बाबा, चार काय सांगत होतास?
सात आहे."

तिची बोटं बारीक आहेत.