शुक्रवारची सुई

फ्रिजच्या दारात, लिंबांच्या शेजारी
निजलंय माझं पेन.
शुक्रवारी रात्री बेंबीपासून चार बोटं सोडून टोचते,
शनिवारी अख्खी चरई डुगडुगते.

समोर प्रधानांकडे सोडे भाजतायत.
जन्मभर ज्या वासामागे चालत गेले
त्याच्यावर आज खिडकी लावून घेते.
तोंडाला पाणी सुटतं,
पण ते पाणी वेगळं.

डॉक्टर गुप्ते म्हणाल्या, थोडं थोडं खा,
पोट भरायच्या आधी थांबा.
आधी म्हणजे नेमकं केव्हा, बाई?
आमच्या पंगतीत आग्रहाला
पूर्णविराम नव्हता.

तर पेज, मीठ घालून. चार चमचे.
आल्याचा तुकडा पर्सच्या चोरकप्प्यात.
रात्री कोमट पाण्यात इसबगोल.
ढेकर आला की खोकल्याचं सोंग.
जेवून लगेच आडवं व्हायचं नाही,
म्हणून तलावपाळीला एक फेरी,
शेंगदाणेवाल्याकडे न बघता.

नणंद म्हणाली, बारीक झालीस गं, काय करतेस?
म्हटलं, चालते.
खोटं नव्हतं.

काल पाचव्या चमच्याला
आतून कुणीतरी म्हणालं, पुरे.
बावन्न वर्षं एका घरात राहून
हा आवाज मी ओळखत नव्हते.

वाटी झाकून ठेवली.
चमचा मात्र चाटला.