नुसतं झाकण

पेच नावाचं आमचं गाव,
पण पेच फारसे पडत नाहीत इथे.
पडलाच तर एवढाच, की
महिन्याच्या पहिल्या रविवारी
जुन्या बाजारात कुठल्या टोकाने शिरायचं :
कुलपं, घड्याळं, लष्करी बटणं,
की चिनीमाती.

एतेल्का म्हणते कुलपं.
तिच्या घरात एकही दार धड लागत नाही,
तरी.

अकरा वर्षांपूर्वी मी तिथे
एका साखरदाणीचं झाकण घेतलं.
नुसतं झाकण.
गुलाबावर बसणाऱ्या भुंग्याच्या पाठीसारखं हिरवं-निळं,
धरायला एक इवलं डाळिंब,
डाळिंबाचा टवका उडालेला.
दीडशे फोरिंट.
विकणारा म्हणाला, बाई, याचं खालचं कुठाय?
म्हटलं, आजपासून तेच शोधायचंय.

एतेल्का इतकी हसली
की तिला शेजारच्या विकाऊ खुर्चीवर बसवावं लागलं.
खुर्ची मोडली. मग तीही घ्यावी लागली.
आता तिच्या बागेत त्या खुर्चीवर घेवडा चढतो.

तेव्हापासून झाकण घेऊन हिंडतो आम्ही.
माझ्या पिशवीत, लोकरी मोज्यात गुंडाळलेलं.
रंग जुळतो तर तोंड जुळत नाही,
तोंड जुळतं तर किंमत ऐकून आमचंच तोंड उतरतं,
मुलीला स्थळं बघावीत तसं.
एकदा मोहरीच्या एका बरणीवर ते असं नेमकं बसलं
की दोघी घाबरलो.
एतेल्काच आधी म्हणाली, छे,
हे आपल्यातलं नाही.

मधे बरंच झालं, होत असतंच.
तिचा गेर्गेय गेला.
माझा मुलगा ग्राझला असतो, नाताळला येतो,
गाडीचे टायर बदलून परत जातो.
एका मे महिन्यात, सगळं लावून झाल्यावर,
रात्रीतून गारठ्याने माझी मिरचीची रोपं जाळली.
सकाळी सहाला ही दारात,
दह्याच्या रिकाम्या डब्यांत चौदा रोपं
आणि तोंडात हवामानाला एक सणसणीत शिवी.
सांत्वन म्हणून तेवढंच.

या मार्चमध्ये तिचा गुडघा बदलला
आणि बाग माझ्याकडे आली.
मेचेकच्या उतारावर धापा टाकत चढले,
खोपटात सुतळी शोधत होते.
वरच्या फळीवर, फवारणीच्या पंपामागे,
खसखशीच्या बियांनी अर्धी भरलेली

ती.

हिरवी-निळी. पोटावर तीन डाळिंबं.
एक कान नाही.
आत चिठ्ठी, एतेल्काच्या तिरक्या अक्षरात :
खसखस, आणि साल.
नऊ वर्षांपूर्वीचं.

झाकण पिशवीतच होतं माझ्या.
बसवून पाहिलं नाही.

नऊ वर्षं. म्हणजे शंभरावर रविवार
ही माझ्याबरोबर वाकून, चष्मा पुसून पुसून,
स्वतःच्या फळीवरची वस्तू शोधत होती.
भावही करत होती वर,
नको असलेल्या भांड्यांचे, घसा बसेपर्यंत,
आणि मग परतताना बाकावर बसून
एका केकचे दोन तुकडे,
मोठा कुणाचा यावरून भांडण.

रागावले. खोटं कशाला बोलू,
सुतळी सापडेपर्यंत रागावले होते.
मग वाफे मोकळे केले,
चिमूटभर बिया भिंतीच्या कडेने फेकल्या.
इतक्या जुन्या, उगवतील न उगवतील.
भांडं होतं तिथेच ठेवलं,
पंपामागे,
मोडका कान भिंतीकडे.
धुळीत उमटलेला गोल
त्याच्या बुडाखाली बरोब्बर झाकला गेला.

मे महिन्याचा पहिला रविवार.
एतेल्का काठी टेकत, तरी माझ्या चार पावलं पुढे.
म्हणते, आज चिनीमाती आधी,
मला वाटतंय, आज मिळणार.
असेल, मी म्हटलं,
आणि तिचा दंड धरून
कुलपांच्या बाजूला वळले.