संत्राबर्फीचा डबा

डबा टिनाचा आहे, संत्राबर्फीचा,
झाकणावरचं संत्रं घासून घासून लिंबाएवढं फिकं झालेलं.
कुंदा त्यात बटणं ठेवायची.
बटणं आता लोणच्याच्या बरणीत गेली
आणि मी मानेवाड्याच्या झाडे मेडिकलमध्ये उभा,
हातात यादी.
"लेकरू किती वर्षांचं हाये, काका?" पंकेश विचारतो.
"चार पायांचं हाये," मी म्हणतो.
तो हसत नाही. गॉझची पाकिटं मोजतो.

बत्तीस वर्षं मी घरोघरी विजेचे मीटर वाचले.
एकदा नंदनवनात चावला, एकदा दिघोरीत,
पोटरीवर दोन्ही पावत्या आहेत.
तेव्हा कुणी सांगितलं असतं
की रिटायर झाल्यावर तू कुत्रीचा ताप मोजायला
वेगळा थर्मामीटर घेशील
आणि त्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका देशील,
चुकून आपल्या तोंडात जायला नको म्हणून,
तर मी त्याचंच मीटर तपासलं असतं.

कापूस. बोथट टोकाची कात्री.
चिकटपट्टी नको, केसांसकट निघते;
स्वतःलाच चिकटते ती पट्टी मिळते, महाग आहे, घेतली.
गोचिडीसाठी चिमटा. अगरबत्तीचा चटका द्यायचा नाही,
कातडीजवळ धरायचं, सरळ ओढायचं.
बिनसुईची सिरिंज. सलाइन.
आयोडीन, पाणी घालून घालून
पाहुण्याला देतो त्या पातळ चहाच्या रंगाचं.
नख जास्त कापलं गेलं तर तुरटी,
माझ्याच दाढीच्या सामानातली.

आणि साडीचा जुना फॉल, हातभर.
संक्रांतीला भुरीचा पंजा नायलॉन मांजाने कापला,
वर गच्चीवर पोरं "ओ काट" करून राहिली होती.
मी बनियन काढून गुंडाळलं
तर माझ्याच हातची पोळी खाणारीने
माझाच अंगठा दातांत धरला.
ढोमणे डॉक्टर म्हणाले, "दुखते तेव्हा ओळख राहत नाही.
आधी तोंड बांधा, मंग लाड करा."
मग थांबून म्हणाले, "मे महिन्यात धापा टाकत असली
तर मात्र बांधू नका, जीव जाईल.
सावली. साधं पाणी अंगावर. पंखा. बर्फ नाही."
मी सगळं लिहून घेतलं, रीडिंग घ्यायचो तसं,
चौकटीत एकेक अक्षर.

आता झाकणाची आतली बाजू.
ढोमण्यांचा नंबर. रात्रीच्या दवाखान्याचा नंबर.
भुरीचं वजन, एकोणीस किलो.
त्याखाली लाल पेनाने:
माणसाची गोळी देऊ नये.

टिकलीला ताप होता. मांजर ती कुंदाची,
आणि कुंदा उमरेडला, आईकडे.
अर्धीच गोळी होती, तापाची, साधी,
घराघरात असते ती.
मी दुधात घोळली. लाडानेच.
संध्याकाळपर्यंत तिच्या हिरड्या
निळ्या नाहीत, काळ्या नाहीत,
भिजलेल्या विटकरीसारख्या,
आणि तोंड सुजून दुसऱ्याच मांजराचं झालेलं.
कुंदाला मी सांगितलं, काहीतरी खाल्लं असेल बाहेर.
अकरा वर्षं झाली त्या वाक्याला.

ती मागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.
कूलरच्या आवाजात पावलं ऐकू येत नाहीत.
झाकण तिने हातात घेतलं, चष्मा वर केला, वाचलं.
"डॉक्टरनं सांगितलं?"
"हो."
"आत्ता?"

मी कापसाचा गुंडाळा सारखा करत बसलो.
तो सारखाच होता.
तिने माझ्या खिशातला लाल पेन काढला
आणि त्या ओळीखाली एक रेघ ओढली,
टिनावर पेन नीट उठत नाही
म्हणून परत त्याच रेघेवरून, परत,
मग पेन माझ्या खिशात लावून
भाताचं कुकर बघायला गेली.

डबा मीटरच्या खालच्या फळीवर ठेवला.
भुरीने हुंगला, बर्फी नाही कळल्यावर
कूलरपुढे आडवी झाली.
सवयीने आकडा वाचला: चार हजार सातशे बारा.
चाक फिरत होतं.