नवापैकी नऊ

कुताइसीच्या चार नंबरच्या शाळेत
शुद्धलेखनाला बारा मिनिटं मिळतात.
तेक्लेच्या दोन ओळी होतात.
तिसरी वहीबाहेर, बाकावर उतरते.

जॉर्जियन अक्षरांना डोक्यावर रेघ नसते
धरून लटकायला.
सगळी गोल, सगळी वळणाची.
वळण घेता घेता तिचं बोटच उलटं वळतं
पेरातून, मागे,
धुऊन धुऊन ओढ गेलेल्या इलॅस्टिकसारखं.
म्हणून ती पेन्सिल आवळते,
इतकी, की नखं पांढरी पडतात,
पानाच्या पाठीवर वळ उठतात,
टोक मोडतं.
पुन्हा शार्पनर.
धड घसरू नये म्हणून एक पाय
खुर्चीच्या पायाला गुंडाळलेला.

मधल्या सुट्टीत मात्र तिला मागणी असते:
अंगठा मनगटाला टेकवून दाखव!
दाखवते. एका खेळाला
सूर्यफुलाच्या बिया मूठभर.
नंतर हात कोपरापर्यंत ठणकतो, ते फुकट.

एतेरीबाई लाल शाईनं शेरा देतात: आळस.
त्यांचं अक्षर मोत्यासारखं.
मोती तेक्लेकडेही आहेत हो, बाई,
दोरा तेवढा सैल आहे.

त्बिलिसीच्या डॉक्टरांनी करंगळी उचलून पाहिली,
मग कोपरं, मग गुडघे.
म्हणाले, वाक, तळवे जमिनीला.
टेकले.
कागदावर त्यांनी आकडा मांडला, नवापैकी नऊ.
"पैकीच्या पैकी?" तेक्लेनं विचारलं.
असं तिला आजवर कशातच मिळालं नव्हतं.

डॉक्टर आईकडे वळले. "आता तुम्ही."
नेस्तान, वय अडतीस,
पिठाच्या गोदामाचा हिशेब फोनवर ठेवणारी,
सहीपुरतंच पेन धरणारी.
तिनं अंगठा वाकवला.
टेकला.

परतीच्या मिनीबसमध्ये चार तास
तिला सांध्यांवर बसलेली पट्टी आठवत राहिली,
आणि पाचवीची ती वही, जी तिनं
स्वतःच शेगडीत घातली होती.

रात्री तिनं बाईंना चिठ्ठी लिहिली.
टाइप करता आली असती.
हातानं लिहिली, सात ओळी, पाऊण तास,
मधे दोनदा बोटं गरम पाण्यात.
ओळी चढल्या, घसरल्या,
एक अक्षर दुसऱ्याच्या मांडीवर बसलं.

सकाळी एतेरीबाईंनी चष्मा लावला, काढला,
कागद खिडकीपाशी नेला.
"हे काय लिहिलंय?"

तेक्लेनं चिठ्ठी घेतली
आणि एका दमात वाचून दाखवली.