अठरावं कार्ड

सतरा कार्डं भरून झाली, निळ्या शाईत.
क्रिस: जावा बेट. लाटा तेरा. त्या नेहमी विषमच असतात,
सम निघाल्या तर आपणच मोजायला चुकलो.
जंबिया: येमेन. गेंड्याच्या शिंगाची मूठ म्हणून घेतला,
निघाली म्हशीची.
खुकरी: पात्याच्या बुडाशी खाच.
तिचा अर्थ सहा जणांनी सहा सांगितला,
कार्डाच्या मागे सहाही लिहून ठेवलेत.
स्पेनचा घडीचाकू, उघडताना सात वेळा कटकटतो;
कुमुद म्हणते, तुमच्या गुडघ्यांसारखा.
आणि फिरंग. पात्यावर दातेरी चंद्रकोर,
पाच रोमन अक्षरं, त्यांतली दोन उलटी.
म्हणजे विलायती नव्हेच. इथल्याच कुण्या लोहाराने
स्वतःला न वाचता येणारं नाव
मन लावून कोरलेलं.
तिच्यासाठी दोन महिन्यांची पेन्शन मोजली.
अस्सल असती तर मोजली नसती.

अठरावं कार्ड कोरं.

अकरा वर्षांपूर्वी, शुक्रवारी बाजारात,
कुकरच्या शिट्ट्या आणि नळाच्या तोट्यांच्या ढिगात
हे पातं पडलं होतं. रमणिकलाल म्हणाला, "काका, पेशवाई छे."
त्याच्याकडे साडेतीनशेच्या वरचं सगळंच पेशवाई असतं.
तीनशेला दिलं.

एकधारी, सरळ. एकतीस सेंटिमीटर, चार मिलिमीटर.
मूठ नाही. मुठीत शिरायची शेपटी तेवढी उरलेली,
तिला एक भोक.
टूलरूममध्ये छत्तीस वर्षं काढलेला माणूस मी.
व्हर्नियर लावला, चुंबक लावलं,
हिराकशीचं पाणी फिरवून जौहर उमटतो का पाहिलं.
उमटलं काहीतरी, ओल आलेल्या भिंतीवर उमटतं तसं,
ज्याला जे हवं ते दिसेल असं.
तीन देशांत फोटो पाठवले.
एकाने कळवलं: अफगाण.
दुसऱ्याने: निश्चितच अफगाण नव्हे.
तिसऱ्याने विचारलं, विकणार का?

परवा मंगळवारी, खंडेराव मार्केटच्या मागे
कानजी सराणिया कुमुदच्या विळीला धार लावत होता.
मी पिशवीतून पातं काढलं, सहज,
लग्नात डॉक्टर भेटला की
लोक खिशातून रिपोर्ट काढतात तसं.

त्याने पायडल थांबवलं.
पातं डोळ्यासमोर आडवं धरलं, मग उजेडाकडे.
अंगठा धारेवरून आडवा नेला.
"डाबोडी," म्हणाला.
काय?
"ज्याची होती तो. डावखुरा."

मग दाखवलं: उतार बघा, डाव्या अंगाला पडलाय,
सगळ्यांचा उजव्या अंगाला पडतो.
सराणीवर ही कधी गेलीच नाही.
घरच्याच दगडावर घासलीय, रोज थोडी, बसल्या बसल्या.
टोकाशी येताना हात उचलायची सवय होती त्याला,
म्हणून टोक असं जाड राहिलंय.
"किंवा तिला," कानजी म्हणाला,
आणि विळीकडे वळला.

अकरा वर्षं मी त्या पात्याकडे देश मागत होतो.

"धार काढून देऊ? तीस रुपये."
मी इतक्या जोरात नको म्हणालो
की पलीकडच्या लिंबूवालीने मान वर केली.

घरी येऊन कार्ड काढलं.
देश: रिकामा. काळ: रिकामा. घडवणारा: रिकामा.
खाली जागा होती, तिथे पट्टीने एक ओळ आखली
आणि लिहिलं,
हात: डावा.

दिवा का चालू आहे, कुमुद आतून विचारते.
डाव्या हातात पातं धरून
मी हवेतल्या दगडावर घासून पाहतोय,
टोकाशी येताना
हात उचलून.
जमत नाही. पुन्हा.