चौथं कलम

ती आली तेव्हा माझी बंदूक वाळपईला होती,
ठाण्यात, जिल्हा पंचायतीच्या निवडणुकीपुरती जमा.
नळीला सुतळी, सुतळीला चिठ्ठी, चिठ्ठीवर माझं नाव,
नावात हवालदाराची एक चूक.
भिंतीवरच्या खिळ्याला मी छत्री अडकवली होती.

शशिकला झर्मेकर. हातात शाळेची शंभरपानी वही,
चपलांना काजूच्या बोंडांचा चिकट वास.
उंबऱ्याबाहेरच बसली. पाणी प्याली. म्हणाली,
सही पाहिजे, पर्वरीला न्यायचीय.
अधिवेशनाला बारा दिवस आहेत.

मी म्हटलं, बाय, तू डुकरांना विचारलंस का?
परवा रताळ्यांचा आख्खा वाफा उलथून गेली.
गव्याने पोफळीची रोपं तुडवली.
खेती तर दिवसाढवळ्या, माझ्याकडे बघत बघत
कोवळे नारळ खाली टाकतात.
भरपाईच्या अर्जाला तिसरं वर्ष लागलंय,
आणि तू म्हणतेस बंदुका काढून घ्या.

काढून घ्या असं कुठे लिहिलंय, म्हणाली. वाच.

वाचलं. अक्षर तिच्या धाकट्या मुलीचं, गोल, वेलांट्या लांब.
पहिलं: आजोबाची बंदूक नातवाला आपोआप मिळू नये,
त्याने आधी चालवून दाखवावी, डोळे तपासून घ्यावेत.
दुसरं: पीक उभं नसेल तेव्हा पंचायतीच्या कपाटात,
दोन किल्ल्या, दोन माणसं.
तिसरं: डुकराने खाल्लेल्याचे पैसे महिन्याच्या आत.
(हे झिलू गांवसने घालायला लावलं,
नाहीतर खालच्या वाड्यावर वहीला कुणी हात लावत नव्हतं.)
चौथं: काडतूस न् काडतूस मोजून द्यावं, मोजून परत घ्यावं.

सह्या एक्कावन्न. अंगठे चार.
कायतानची सही जुन्या पोर्तुगीज वळणाची, शेपटी पानाबाहेर.
आणि सगळ्यांत वर, पहिलीच,
शाणू सालेलकर.
ज्याच्या मुलाने तिच्या मुलाला
बॅटरीच्या उजेडात डुक्कर समजून

दोघे एका बाकावर बसायचे.
त्या रात्रीही एकाच मोटारसायकलवरून गेले होते.
शाणूने सही इतकी दाबून केलीय
की मागच्या पानावर बोट फिरवलं तर लागते.

ती बंदूक माझी नव्हती.
हे मी पोलिसांना सांगितलं, देवळातल्या बैठकीत सांगितलं,
राखणदाराला रोट ठेवताना सांगितलं,
कुणी विचारलेलं नसतानाही.
बंदूक माझी नव्हती.

काडतुसं दोन होती.
शाणूचा मुलगा तिन्हीसांजेला आला, उराकाची बाटली ठेवली,
काका, दोनच द्या, काजूत डुकरं उतरलीत.
मी पत्र्याच्या डब्यात हात घातला आणि दिली, न बघता,
बिडी पेटवायला काड्या द्याव्यात तशी.
माझ्या रजिस्टरात ती दोन
मी खेत्यांवर उडवली आहेत.

शशिकला थांबली होती. तिला ठाऊक होतं का,
तोंडावरून कळेना.
वहीच्या पुठ्ठ्यामागून काढलेल्या कागदाने वारा घेत
ती अंगणातल्या मुंग्यांकडे बघत होती.

मी चौथ्यावर बोट ठेवलं. म्हटलं,
इथे एक राहिलंय. उसनं.
काडतूस उसनं देणाऱ्यालाही धरा, असं लिही.
तिने पेन पुढे केलं. तूच लिही.

वेळ लागला. आधी चष्मा सापडेना.
मग उसनंमधला उ ऱ्हस्व की दीर्घ, आठवेना.
सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी.

तिने वही घेतली. ओळ वाचली. परत वाचली.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
खाली तारीख राहिली.

तारीख घातली. ती वरच्या वाठाराला गेली,
अजून सोळा घरं होती, आणि उन्हं कलत होती.

रात्री डुकरं आली. मी डबा वाजवत बसलो,
तोच, पत्र्याचा, रिकामा करून.
ठाण्यात न दिलेली, डब्यातच राहिलेली
ओट्यावर उभी केली होती, कंदिलाशेजारी.
मोजून सात.