चौदा हजार दोनशे बारा

कुटबणच्या धक्क्यापासून बर्फाच्या कारखान्यापर्यंत
सव्वा किलोमीटर.
गाडीला हात लावण्याआधी
मी ते चालून पाहिलं.

मीटर म्हणत होता चौदा हजार दोनशे बारा,
नऊ वर्षांत.
शाणू वेळीप कानाशी लागला:
"म्हणजे नवीच की, उस्ताद!"
खोल्याहून दोन बस बदलून आलेला,
मिरचीची पोती मनातल्या मनात
हौद्यात रचूनही झालेली.

मी गप्प.
मला पाचशे रुपये मिळतात ते गप्प राहण्याचे
आणि शेवटी एकदाच बोलण्याचे.

मीटर मागे फिरवलाय का, ते पायाखाली कळतं.
क्लचचं रबर झिजून साबणाच्या चिपटीसारखं,
अ‍ॅक्सिलेटरच्या रेघा मात्र कोऱ्या.
टायर कंपनीचेच, बाजूंना भेगा.
मीटर खरा होता.
मग माझं काम वाढलं.

पोतं अंथरून खाली शिरलो.
हातोडी पुढच्या चासीवर: टण्ण.
मधे: टण्ण.
मागच्या आडव्या पट्टीवर: थप्प.
स्क्रूड्रायव्हर टोचला तर शिरला,
आणि कपाळावर गंजाचे पापुद्रे,
त्यांना बांगड्याचा वास.
तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय.
इंजिन तापण्याआधीच
दर वेळी मुक्काम येत होता.

एस्परांसा कुलासोबाय सव्वाचार सांगत होती.
कायतान बाल्कांवात,
दोन्ही गुडघ्यांना पट्टे, नजर खाडीकडे.
शाणू अडीचवर अडलेला,
जणू मीटर आता त्याने वाचलाच नव्हता.

मी मनात तीन दहा धरले.
त्यात पंचवीस हजार कापलेले होते
न दिसणाऱ्या खोटीचे.
ते मी नेहमी कापतो,
देवळाच्या पुजाऱ्याची गाडी असली तरी.

तेवढ्यात ती आत गेली
आणि शाळेची निळी वही घेऊन आली.
तारीख, खेप, लाद्या.
तारीख, खेप, लाद्या.
जून-जुलैची पानं कोरी, ट्रॉलर बंद.
"मीटर वाट मेजता," ती म्हणाली,
"बर्फ मेजिना. तो हांवें मेजला."

उभ्या उभ्या हिशेब केला:
साडेपाच हजार खेपा, खेपेला बाराशे किलो,
येताना रिकामी.
उरले चारशे बासष्ट किलोमीटर:
गॅरेज, मडगावचं इस्पितळ,
आणि एकदा जुन्या गोव्याला, फेस्ताला.
सहा हजार सहाशे टन पाणी
या पाट्यांवरून गेलं होतं.

शाणूचा चेहरा उजळला.
आता भाव पडणार, त्याला वाटलं.
मलाही वाटलं, क्षणभर.
पण पाटे मी आधीच मोजले होते,
क्लच, पट्टी, टायर, सगळं धरलं होतं.
वहीत नवीन खोट एकही नव्हती.
न दिसणारं असं काही
उरलंच नव्हतं.

पंचवीस हजार परत ठेवले.
"तीन पस्तीस," मी म्हणालो.

दोघंही माझ्यावर चिडली.
ती म्हणाली, वही दाखवली ही चूक झाली.
तो म्हणाला, उस्ताद, तुम्हाला आणलं कोणी?
पाचशेची नोट त्याने
चार घड्या घालून दिली.

मग ताडपत्रीवरून अर्धा तास.
मग बर्फ ओढायचे आकडे. ते तिने दिले नाहीत.
मग शाणूने विचारलं, वास जाईल ना?
"तुजी मिरसांग घाल," ती म्हणाली,
"कोण कोणाक मारता तें पळोवया."

कायतान तेव्हा पहिल्यांदा बोलला.
"पांचवो गियर घट्ट आसा," तो म्हणाला.
"वाट पावली ना."

बेतूलच्या पुढे, सरळ रस्ता लागल्यावर
शाणूने तो घालून पाहिला.
दोनदा करकरला.
तिसऱ्यांदा गेला.